काचेआडची थोरवी

मराठी माणसाला टक्केवारी दोनच ठिकाणी समजते : दहावीच्या निकालात आणि नगरपालिकेच्या टेंडरात. तिसरीकडे कुठे टक्के आले की तो बावरतो. मोटारीच्या काचांचा कायदा नेमका तिथे जाऊन बसला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला शंभरावा नियम सांगतो की गाडीच्या पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५०. म्हणजे पुढची-मागची भावंडं हुशार, त्यांच्याकडून जरा जास्त अपेक्षा. बाजूची बेताची, ती निम्म्यावर पास. कोणी नापास झालंच, तर दंड पालकांना.

पंचाईत अशी, की हा निकाल डोळ्यांना दिसत नाही. समोरून आलेल्या गाडीकडे पाहून ‘हिच्यातून बावन्न टक्के उजेड जातोय हं’ असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि भेटला तर त्याच्याशी मैत्री वाढवायची माझी इच्छा नाही. आपल्या डोळ्यांना काचेच्या काळेपणाच्या चारच पायऱ्या कळतात : जराशी काळी, बऱ्यापैकी काळी, काळीकुट्ट आणि आमदाराची. उजेड मोजायचं यंत्र असतं, नाही असं नाही. काचेला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचं, एकीकडून दिवा टाकायचा, दुसरीकडे किती पोचला ते आकड्यात वाचायचं. हे यंत्र मी फिल्मच्या दुकानात पाहिलं आहे. नाक्यावर पाहायचा योग अजून आलेला नाही.

दुकानातली टक्केवारी हा आणखी वेगळा गोंधळ. फिल्मवरचा आकडा असतो आत येणाऱ्या उजेडाचा; गिऱ्हाइकाला वाटतं तो अडवलेल्या उजेडाचा. त्यामुळे सज्जन, कायद्याला भिणारा माणूस दुकानात जाऊन नम्रपणे म्हणतो, “फार काळी नको हो, वीस टक्क्यांची साधी लावा.” दुकानदार कशाला दुरुस्त करतोय? संध्याकाळी हा सज्जन घरी येतो तेव्हा सीटबेल्टचं टोक शोधायला त्याला मोबाइलची बॅटरी लावावी लागते आणि बायको विचारते, “आपण कोणाला पळवून आणतोय का?”

त्यात गुणाकार. कारखान्यातून आलेली काच मुळातच अगदी नितळ नसते. तिच्यात एक हिरवट झाक असते आणि तीही थोडा उजेड खाते. समजा, बाजूची काच ७० टक्के उजेड सोडते. तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली. सरळमार्गी माणूस म्हणेल, सत्तर अधिक सत्तर, कायदा दुप्पट पाळला. प्रत्यक्षात होतात सत्तरातले सत्तर टक्के, म्हणजे ४९. हवेत ५०. एका मार्काने गेला, आणि ग्रेस मार्कांची सोय मोटार वाहन नियमांत नाही.

हा सगळा हिशोब सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी एका निकालात पुसून टाकला. अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की टक्के कितीही असोत, काचेवर नंतर काही चिकटवायचंच नाही. काच घडतानाच तिच्यात रंग असेल आणि ती ७०-५०च्या कसोटीला उतरत असेल, तर चालेल. काळ्या काचांच्या आड गुन्हे होतात, अशी याचिकेतली मुख्य तक्रार होती. ४ मेपासून अंमल. म्हणजे प्रश्न काच किती काळी आहे हा उरलाच नाही. ती उपजत काळी की मागाहून झालेली, एवढंच पाहायचं. आपल्या समाजाला जन्मावरून दर्जा ठरवण्याची जुनी सवय असल्यामुळे हा भाग लोकांना लगेच पटला.

या निकालाने वाहतूक पोलिसाच्या हाती एक अचूक, बिनखर्चाचं यंत्र दिलं : नख. काच अर्धी खाली घ्यायला सांगायची, वरच्या कडेवर नख फिरवायचं. फिल्म असेल तर कडेला तिचा काठ लागतो. ना बॅटरी, ना प्रमाणपत्र, ना आकडा. त्या मे महिन्यात चौकाचौकांत गाड्या सोलण्याचा कार्यक्रम चालू होता. साबणाचं पाणी, ब्लेड, शेजारणीकडून मागून आणलेला हेअर ड्रायर. ज्या दुकानांनी फिल्म लावायचे पैसे घेतले होते, त्यांनीच ती काढायचेही घेतले, आणि मागच्या काचेवरच्या धुकं घालवायच्या बारीक तारा फिल्मबरोबर उपटून आल्या तेव्हा “ते होतंच साहेब” हे वाक्य फुकट दिलं. फिल्म बनवणाऱ्या कंपन्या पुन्हा न्यायालयात गेल्या. ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्यांना तेच उत्तर पुन्हा ऐकवलं.

दंड तेव्हा पहिल्या खेपेला १०० रुपये होता, पुढे ३००. २०१९च्या दुरुस्तीने तो ५०० आणि १,५०० झाला. चांगल्या फिल्मला याच्या कितीतरी पट पैसे मोजणारा माणूस ५०० रुपयांना किती भ्यायचा? तो त्याला दंड समजतच नाही, देखभालखर्च समजतो. एका परिचितांनी हिशोबाच्या वहीत ‘ऑइल, हवा, काच’ असे तीन रकाने एका ओळीत आखलेले मी स्वतः पाहिले आहेत.

आता ऊन. काळी काच लावणारा प्रत्येक माणूस ती उन्हासाठी लावतो. प्रतिष्ठेसाठी लावली असं सांगणारा एकही मनुष्य पृथ्वीच्या पाठीवर नाही. आमचे साडू अकोल्याचे. त्यांच्यासमोर उन्हाबद्दल पुणेकराने बोलू नये, हा आमच्या घरातला अलिखित नियम आहे. मी एकदा नियम मोडला. म्हटलं, “साडूभाऊ, काळ्या रंगाचा आणि गारव्याचा संबंध नसतो. उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते. काळी स्वस्त फिल्म दिसणारा उजेड पिते आणि स्वतःच तापून बसते. चांगली सिरॅमिक फिल्म जवळपास पारदर्शक असूनही उष्णता अडवते. आणि पुढच्या काचेत मुळातच प्लास्टिकचा थर असतो, अतिनील किरण तिथेच बहुतेक थांबतात.”

साडू शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “तुमचं बोलनं बराबर हाय भाऊ. पन तुमच्या पुण्यात ऊन नसते. नुसता उजेड असते.”

यावर काय बोलणार? पण त्यांना न सांगता मी एक निरीक्षण चालू ठेवलं. अकोल्यात मे महिन्यात दुपारी साडेतीनला गाडी उभी करताना साडू सावली शोधत नाहीत. कडुनिंबाखाली जागा रिकामी असताना ते गाडी कचेरीच्या फाटकासमोर, भर उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी लावतात. आत स्टिअरिंगला हात लावला तर फोड येईल. उन्हासाठी लावलेल्या फिल्मला ऊन मिळावं म्हणून ही सोय असावी.

खरं कारण नाक्यावर कळतं. माझ्या मते या कायद्याची अंमलबजावणी काचेच्या काळेपणाच्या व्यस्त प्रमाणात होते. पारदर्शक काचेतून हवालदाराला सगळं दिसतं : घामेजलेला कारकून, मागे सासू, मांडीवर डबा. अशा माणसाला थांबवायला काहीच भीती नाही. जराशी काळी काच असेल तर आतला माणूस अंधुक दिसतो; तो कारकूनच असणार, फक्त हौशी, हे ताडता येतं. पण काच पूर्ण काळी असेल तर आत कोण आहे हे कळायला मार्गच नाही, आणि जो दिसत नाही तो मोठा असू शकतो. निकालात सूट आहे ती झेड आणि झेड प्लस सुरक्षेच्या लोकांना, तीही वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समितीने ठरवली तर. आता आतला माणूस झेड प्लस आहे की नाही हे पाहायला काच खाली घ्यायला लावावी लागणार, आणि तो झेड प्लस असला तर काच खाली घ्यायला लावणाऱ्याची बदली गडचिरोलीला होणार. या कोड्यात सापडलेला हवालदार जे करायचं तेच करतो. सलाम ठोकतो.

नेहमीच असं घडतं असंही नाही. २०२२ साली हैदराबादच्या जुबिली हिल्स भागात वाहतूक पोलिसांनी तेलुगू सिनेमातल्या बड्या नटांच्या गाड्या अडवून काचांवरची फिल्म रस्त्यातच काढून टाकली होती. ज्यांच्या पोस्टरला दुधाचा अभिषेक होतो त्यांच्या गाडीला साबणाच्या पाण्याचा. पण ही बातमी झाली यातच सगळं आलं. कारकुनाच्या काचेची बातमी होत नाही.

काळ्या काचेच्या आत बसलेल्याला एक सुख आहे, ज्याचा उल्लेख निकालात नाही, नियमात नाही आणि फिल्मच्या जाहिरातीतही नाही. बाहेरचे लोक तिचा आरसा करतात. लग्नाच्या कार्यालयाबाहेर साडूंच्या गाडीत बसून मी जेवणाची पंगत उठण्याची वाट पाहत होतो. प्रथम एक बाई आल्या. त्यांनी माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर पदर सारखा केला, वळून पाठीमागून निऱ्या पाहिल्या, पुन्हा वळल्या, दातात अडकलेला मसालेभाताचा कण काढला आणि समाधानाने गेल्या. मग वराकडचे एक गृहस्थ आले. केसांतून कंगवा फिरवला, तो काचेवर झटकला, नाकातले केस तपासले. मी श्वास रोखून. एवढ्या जवळून मी माझ्या डॉक्टरचंही तोंड पाहिलेलं नाही. त्यानंतर आल्या दोघी, बहुधा वधूच्या मावश्या. काचेत पाहून टिकल्या नीट करता करता त्यांनी देण्याघेण्याचा जो हिशोब मांडला, तो ऐकून मला वाटलं, बैठकीत नसलेला माझ्यासारखा माणूस या लग्नाबद्दल वरबापापेक्षा जास्त जाणतो. मग त्यातली एक म्हणाली, “ही कोणाची गं गाडी? कसली काळी! दोन नंबरचा पैसा असणार.” दुसरी म्हणाली, “अगं, अकोल्याचे ते. नुसता दिखावा. गाडी हप्त्यावर आहे.” मागच्या सीटवर साडू बसले होते. काच खाली घेण्यासाठी त्यांनी बोट बटणापर्यंत नेलं, मग परत घेतलं. आपण आत आहोत हे कळू न देण्यासाठीच पैसे मोजले होते ना.

रात्री मात्र हिशोब उलटा होतो. अंधारात रिव्हर्स घ्यायची वेळ आली की काळी काच बाहेरचं काहीच दाखवत नाही. मग चारही काचा खाली, ड्रायव्हरची मान बाहेर, मुलगा खाली उतरून “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बास!” ओरडतोय, आणि बास म्हणायच्या आधीच ‘कट्’. ज्या खासगीपणासाठी एवढा खर्च केला, तो गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडवून संपतो.

मध्यमवर्गीय मराठी घराने या भानगडीतून केव्हाच वाट काढली आहे. टॉवेल. काच चार बोटं खाली घ्यायची, टॉवेलचं टोक बाहेर काढायचं, काच वर करायची. झालं. टॉवेल ओला असेल तर तो वाळतोही. बायकोची ओढणी, बाळाचं दुपटं, कालचा पेपर, सगळं या कामी येतं. यांतून उजेड किती जातो, असं कोणी विचारलं तर टॉवेलचं उत्तर शून्याच्या आसपास आहे; आमदाराच्या काचेपेक्षाही तो कडक. निकालातली मनाई नुसत्या फिल्मला नाही, काचेवर लावलेल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूलाही आहे. तरी टॉवेलवाल्याला कोणी अडवल्याचं मी ऐकलेलं नाही. ज्याच्या काचेत टॉवेल आहे तो मोठा माणूस नाही, हे लांबूनच कळतं. त्याच्याकडून समाजाला धोका नसतो, आणि वसूल करण्यासारखंही काही नसतं.

पडद्यांचं तसं नाही. सरकारी गाड्यांना जाळीचे पडदे लावण्याची रीत कुठून आली कोण जाणे, पण साहेबांच्या गाडीचा पडदा सरकला की आत साहेब असतात आणि सरकला नाही की आत साहेबांच्या मिसेस असतात, अशी जिल्ह्याच्या गावी समजूत आहे. केरळच्या मोटार वाहन खात्याने जानेवारी २०२१ मध्ये ‘ऑपरेशन स्क्रीन’ नावाची मोहीम काढून फिल्म आणि पडदे दोन्ही उतरवायला घेतले, तेव्हा चर्चा मंत्र्यांच्या पडद्यांपर्यंत पोचली. केरळातल्या लोकांना वर्तमानपत्र वाचायची सवय फार, त्याचा हा परिणाम.

आपल्याकडची मागची काच हा तर स्वतंत्र निबंधाचा विषय. तिच्यातून ७० टक्के उजेड जायला हवा, पण त्याआधी त्या उजेडाला वाट मिळाली पाहिजे. ‘आईवडिलांचा आशीर्वाद’, खाली दोन मुलांची नावं, मध्ये हृदय, त्याखाली गावाचं नाव आणि पिन कोड सोडून सगळा पत्ता, कोपऱ्यात ‘किसान’, दुसऱ्या कोपऱ्यात वकिलांचं चिन्ह, कारण मेहुणा एलएलबीला आहे. हे सगळं वाचून होईपर्यंत मागचा मोटारसायकलवाला येऊन आदळलेला असतो.

अलीकडे मात्र फिल्मवाल्यांना पुन्हा बरे दिवस आले आहेत. शंभराव्या नियमात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून त्यात ‘सेफ्टी ग्लास’बरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’ आलं. आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही त्यात धरली गेली. २०२४ साली केरळ उच्च न्यायालयाने या दुरुस्तीचा अर्थ लावून सांगितलं की मानकात बसणारी फिल्म, ७०-५०ची अट सांभाळून, लावायला हरकत नाही. म्हणजे बारा वर्षं नखावर चाललेला कायदा पुन्हा आकड्यावर आला. आणि आकडा मोजायचं यंत्र? ते दुकानातच आहे.

साडूंनी लगेच गाडीला नवी फिल्म लावली, ‘केरळवाली’. दुकानदाराने बिलाबरोबर निकालाची छापील प्रत दिली. साडूंनी ती लॅमिनेट करून डॅशबोर्डच्या खणात ठेवली. खणात पीयूसी आणि विम्याच्या कागदांना त्यामुळे जागा उरली नाही. त्यानंतर लवकरच आम्ही दोघं विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी निघालो. गावाच्या तोंडाशी नाकाबंदी. पिवळ्या जॅकेटातल्या हवालदाराने हात केला. काच खाली. नख कडेवरून फिरलं.

“फिल्म हाय, काका.”

“हाय नं. पन कायद्याची हाय.” साडूंनी खणातून निकाल काढला. हवालदाराने तो उन्हात तिरका धरला. लॅमिनेशन चमकत होतं, त्याला काही दिसेना. त्याने दोन्ही बाजू पाहिल्या.

“इंग्रजीत हाय हे.”

“केरळ हायकोर्टाचं हाय.”

“मग केरळात दाखवा.”

साडूंनी समजावलं की नियम केंद्राचा आहे, अख्ख्या देशाला एकच आहे. हवालदाराने समजावलं की देश मोठा आहे आणि त्याची ड्यूटी या नाक्यावर आहे. साडू म्हणाले, “मग मोजा तुमी. मशीन काढा.” हवालदाराने लगेच मशीन काढलं. ते ई-चलनाचं निघालं.

आकडा टाइप करायला त्याने बोट उचललं, तेवढ्यात मागून एक भलीमोठी पांढरी गाडी आली. चारही काचा काळ्याकुट्ट, पुढचीसुद्धा. आत ड्रायव्हर आहे हे ती चालत होती म्हणून समजायचं. हवालदाराने मशीन काखेत मारलं, टाचा जुळवल्या आणि हात कपाळाशी नेला. गाडी पुढे जाण्याऐवजी थांबली. काच चार बोटं खाली आली. आतून वीस-बावीस वर्षांच्या, मिसरूड फुटलेल्या पोराचा आवाज आला, “काका, पुढं सीएनजी भेटते का?”

हवालदाराचा हात अजून कपाळाशीच होता. तो तसाच ठेवून दुसऱ्या हाताने त्याने रस्ता दाखवला, डावीकडे वळा, दोन किलोमीटरवर पंप आहे, रांग असते पण सांगा माझं नाव. काच वर गेली, गाडी गेली. हवालदार आमच्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा जरा रागावलेला होता. पाचशेचं चलन झालं. मेसेजचा ‘टिंग’ साडूंच्या खिशात वाजला.

पुढचा बराच रस्ता साडू काही बोलले नाहीत. मला वाटलं, पाचशे रुपये लागले असतील. मग पंपाजवळ गाडी हळू करत, रांगेकडे मान लांबवून ते म्हणाले, “ते पोरगं दिसते का पाहा बरं. फिल्म कुठून लावली, इचाराचं राहूनच गेलं.”